फोनमुक्त आठवडा

आमचे हे विद्यापीठात मानसशास्त्र शिकवतात. म्हणजे दुसऱ्यांची मनं ओळखतात. माझ्या मनात काय चाललंय ते सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगितलं की म्हणतात, "मग आधी नाही का बोलायचं?" माणूस मात्र सरळ. उभ्या जन्मात कुणाचा अर्धा मार्क वाढवला नाही की वशिला लावला नाही. म्हणून तर बाकीचे पुढे गेले आणि हे होते तिथेच राहिले. निवृत्तीआधी एक तरी संशोधनाचा पेपर असा लिहायचा की सगळ्यांनी नाव घेतलं पाहिजे, एवढंच ह्यांच्या डोक्यात बसलं होतं.

विषय आयता सापडला. वर्गात एका मुलाला ह्यांनी प्रश्न विचारला, तर तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणे, "सर, ग्रुपवर टाका ना." घरी येऊन हे तासभर चडफडत होते. मग ठरलं, फोनमुक्त आठवडा! आख्ख्या वर्गाने आठवडाभर फोन बंद ठेवायचा, आणि प्रकल्पाचे मार्क त्यावरच.

आता फोन बंद आहे की नाही हे कळणार कसं? ह्यांनी डोकं लढवलं. रोज संध्याकाळी एकेकाला फोन करायचा.

मी शेजारी भाजी निवडत ऐकत होते.

"काय रे, फोन बंद आहे ना?"

"हो सर, बंदच आहे."

"शाब्बास!" की लगेच बरोबरची खूण.

"अहो," मी म्हटलं, "बंद आहे तर तो बोलतोय कशावर?"

"तू मध्ये बोलू नकोस. पोरं प्रामाणिक आहेत."

मी कपाळाला हात लावला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण शहाणा प्राध्यापक असला की शब्दांचं काही चालत नाही.

एकाच मुलीचा फोन लागत नव्हता. रोज तेच, आपण डायल केलेला क्रमांक बंद आहे. "बेजबाबदार!" हे चिडायचे. "मोबाइलच्या पुरती आहारी गेलेली असणार. तोंड चुकवतेय." तिच्या नावापुढे 'गैरहजर' लागलं.

मार्क लागले तशी ती घरी आली. दारातच उभी राहिली, डोळे सुजलेले. "सर, तुम्ही मला शून्य दिलंत. वर्ष गेलं तर बाबा शिक्षण सोडवून घरी नेणार आहेत."

"मग माझा फोन का नाही उचललास?"

"बंद होता, सर."

"अगं, मग तसं फोन करून कळवायचंस ना!"

मीच तिला आत बसवलं, पाणी दिलं. मग तिने सांगितलं. फोन लागेना म्हणून बाबा घाबरून होस्टेलवर धावत आले होते, सगळ्या मुलींसमोर नाही नाही ते बोलले. पण बॅगेच्या तळाशी ठेवलेला फोन हिने काही सुरू केला नाही. "सर म्हणाले होते ना," एवढंच म्हणाली.

ह्यांच्या डोक्यात शेवटी उजेड पडला, आणि चेहरा उतरला. हिचं खरं धरायचं तर बाकीचा वर्ग नापास, आणि पेपर केराच्या टोपलीत.

"मार्क पूर्ण देतो," मग म्हणाले. "पेपर मात्र पाठवून झालाय."

"पण त्यात मी गैरहजर आहे, सर."

"मार्क मिळताहेत ना?"

ती आभार मानून गेली. मी दिवसभर ह्यांच्याशी बोलले नाही. ते ह्यांच्या लक्षातही आलं नाही, त्याचा मला जास्त राग आला.

पेपर गाजला. मोठ्या सभागृहात वाचन ठेवलं, मीही गेले. सगळा वर्ग हजर होता. माना खाली, अंगठे चालू. कुणी ह्यांचाच फोटो ग्रुपवर टाकत होतं. वाचताना समोर कुणाच्या तरी डोळ्यांत बघायची ह्यांची सवय. नजर इकडे फिरली, तिकडे फिरली, आणि त्या मुलीवर येऊन थांबली. एवढ्या गर्दीत मान वर होती ती तिचीच. हात मांडीवर ठेवून ती शांतपणे ऐकत होती.

"एक गैरहजर वगळता," ह्यांनी वाचलं, "शंभर टक्के विद्यार्थ्यांनी फोन बंद ठेवला."

तिच्याकडे बघूनच वाचावं लागलं. दुसरं ऐकत होतंच कोण?