भुताचं माहेर

तिसरीपर्यंत शाळेच्या हजेरीत माझं नाव दिवाळीपर्यंतच असायचं. भात झोडून झालं की आमचं अख्खं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं. बाबा विटा थापायचे, आई विटांच्या मातीचा गारा तुडवायची, आणि मी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन कच्च्या विटांवर कुत्री चढू नयेत म्हणून राखण करायचे. मोडक्या विटा रचून वर ताडपत्री टाकलेली खोपी, त्यात आम्ही चौघं. चौथीच्या वर्षी आईने मला मुरबाडला मावशीकडे आणून सोडलं. "तू नको येव. तू शिक," एवढंच बोलली आणि मागे न बघता चालायला लागली. मावशीच्या घरी तरी कुठे जास्त होतं? कित्येकदा मी आणि मावसभाऊ एकाच ताटात पेज प्यायलोय. पण शाळा सुटली नाही. पुढे शहापूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले. आईकडच्या आणि बाबांकडच्या, दोन्ही घरांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी ताठ मानेने सांगते. यात लाजायचं काय?

भिवंडीजवळच्या एका गोदामात मला माल रवाना करायच्या विभागात नोकरी लागली. तिथे शेजारच्या खुर्चीवर कल्याणचा एक मुलगा होता. तो आणि त्याचे मित्र महिन्यातून एकदा त्याच्या घरी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायचे. एकदा मला म्हणाला, "येतेस का? भुताचा खेळ आहे."

मला वाटलं पत्ते असतील. तसलं काहीच नव्हतं. एक जण सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय. बाकीचे एकेक माणूस होतात, कुणी डॉक्टर, कुणी हवालदार, आणि आपण आता काय करणार ते बोलून दाखवतात. जमलं की फसलं हे फासे ठरवतात. यात भुताला मारून जिंकायचं नसतं. आपलं डोकं ठिकाणावर ठेवून बाहेर पडलात तरी खूप. सगळं बोलण्यावर चाललेलं, आणि तरी माझ्या हातावर काटा! घरी येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघतच नव्हते. असला आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

फक्त एक खोट होती. खेळ सगळा इंग्रजीत. कॉलेज शिकलेय, इंग्रजी कळतं मला. पण घाबरायचं म्हणजे तोंडातून आपोआप शब्द आला पाहिजे. मी मनात वाक्य जुळवेपर्यंत भूत पुढच्या खोलीत गेलेलं असायचं. तीन वेळा मी जवळजवळ मुकी बसले. चौथ्यांदा म्हटलं, "हे मराठीत का नाही खेळत?"

कल्याणवाला हसला. मनाने वाईट नाही तो. म्हणाला, "अगं, मराठीत भूत म्हटलं की हसू येतं. वातावरणच तयार होत नाही."

माझं डोकं फिरलं. "पुढच्या महिन्यात आमच्या गावी या. मी चालवते."

"आणि आम्ही हसलो तर?"

"तर या टेबलावर मी परत बसणार नाही."

मग तोच म्हणाला, "आणि नाही हसलो, तर त्याच्या पुढचा महिना इथे तुझा. मराठीत."

बोलून तर बसले. आता टेबल सोडायची वेळ आली असती तर मला किती लागलं असतं, ते माझं मला माहीत.

आमचं गाव किन्हवलीच्या पलीकडे. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी पडवीत चटई टाकली आणि चार नवखे गोळा केले. बहीण, मुरबाडहून आलेला मावसभाऊ, शेजारची वहिनी आणि आई. मावसभाऊ टमटम चालवतो आणि तोंडही तसंच चालवतो. कल्याणसारखे दहा बाजूंचे फासे आम्ही कुठून आणणार? पाच चिंचोके मधून फोडले. एक बाजू पांढरी, एक काळी. उधळायचे आणि पांढरे मोजायचे. तीन पांढरे पडले की जमलं. प्रत्येकाला दहा वालाचे दाणे दिले, हा त्याचा धीर. घाबरलात की एक दाणा माझ्या परातीत टाकायचा. दाणे संपले की तुमचा माणूस वेडा झाला. नियम एवढेच.

"आता प्रत्येकाने आपला माणूस ठरवा. कोण, कुठला, काय करतो."

बहिणीचं लग्न व्हायचंय अजून. तिने लगेच लिहिलं, नवं लग्न झालेली, दोन माळ्यांचं घर, दारात फणस. आई म्हणाली, "खेळात तरी चांगला घर बघलास." मावसभाऊ पोलीस पाटील झाला, वहिनी सुईण झाली. आईला विचारलं तर म्हणे, "मी कशाला दुसरी कोन होऊ? मी हाय तीच बरी." कागदावर लिहिलं, आई.

मी कल्याणच्या खेळातली गोष्टच आणली होती. धुकं, टेकडीवर ओसाड बंगला, आतून कुणीतरी हाक मारतंय. आवाज खोल करून सांगितली. "तुम्ही काय करता?"

"बंगला कुनाचा?" वहिनीने विचारलं.

"कुणाचाच नाही. ओसाड आहे."

"मंग आमचा काय काम तिकडं?"

"आतून हाक येतेय ना!"

"एका हाकेला ओ द्यायची नस्ते," आई म्हणाली. "तीनदा मारूंदे. माणूस असला तर मारील."

मावसभाऊ आळस देत म्हणाला, "आमी घरी जातो. झाला ना खेळ?"

दहा मिनिटांत खेळ खलास. "खेळात आत जावंच लागतं!" मी ओरडले. बहीण म्हणाली, "ताई, कोन गेला असता खरा सांग. तू गेली असतीस?"

नसते गेले. तीच तर चूक होती. ओसाड घरात शिरायची हौस आमच्याकडे कुणाला नाही. आठवडाभर गोदामात पेट्या मोजताना मी हाच विचार करत होते, आमची माणसं कशासाठी रानात जातील? आणि एकदम सुचलं. बैल!

दुसऱ्या रविवारी नवी गोष्ट. म्हसा गावच्या जत्रेतून बैल घेतलाय, घरी आणताना दावं तोडून तो रानात पळाला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत चौघंही निघाले होते. मावसभाऊ चटईवरून उठूनच बसला, "कुठल्या अंगाला गेला? खूर दिसतात का बघ गो!" चिंचोके उधळताहेत, बहीण झाडावर चढतेय, वहिनी ओढ्याच्या कडेने शेण शोधतेय. मी मनात ओरडत होते, चाललाय! खेळ चाललाय! मग मी ओढ्यावर बाई आणली. भर दुपार, पाखरू बोलत नाही, आणि एक बाई पाठमोरी बसून राखेने हंडा घासतेय. तिची सावली पडत नाही.

मी थांबले. आता किंचाळतील.

आई पुढे सरकली. "कुनाची गो तू? म्हायेर कुठला तुजा?"

हे मी ठरवलंच नव्हतं. "ती... काही बोलत नाही."

"मुकी हाय का? तू इचार गो," आई वहिनीला म्हणाली. वहिनीने भुताला सासरचं गाव विचारलं. मावसभावाने विचारलं, "मामा कोन तुमचा?" बहिणीने तिला चहाला घरी बोलावलं. आणि सगळे पोट धरून हसायला लागले.

"आई, ती भूत आहे!"

"मंग?" आई शांतपणे म्हणाली. "भुताला म्हायेर नस्ता?"

मला रडू यायचं बाकी होतं. कल्याणवाल्यांनी हेच बघितलं असतं तर? तशीच उठून मागच्या दारी गेले. भांडी घासता घासता मला भट्टीवरच्या संध्याकाळी आठवल्या. पोरांनी पेटत्या भट्टीकडे जाऊ नये म्हणून आई आम्हाला हडळीच्या गोष्टी सांगायची. आम्ही गोधडीत का लपायचो? तिच्या एकेका हडळीला गाव होतं, घर होतं, नवऱ्याचं नाव होतं. अमक्याच्या विहिरीवरची, तमक्याची थोरली सून. पत्ता असलेलं भूत तुमच्या दारापर्यंत येऊ शकतं. माझ्या भुताला पत्ताच नव्हता, मग कोण घाबरणार त्याला?

हातातलं भांडं तसंच टाकून मी वही काढली. त्या बाईची पार तीन पिढ्यांची सोयरीक लिहून काढली.

तिसऱ्या रविवारी पुन्हा तोच ओढा. आईने विचारलं, "कुनाची गो तू?"

या वेळी मी वर बघितलं नाही. जमिनीवर हात फिरवत, हंडा घासल्यासारखं करत म्हटलं, "दारात फणस हाय ना, त्या घरची."

बहीण हसत होती, थांबली. "कुठल्या?"

"दोन माळ्यांचा घर. त्या घरच्या धन्याची पयली बायको मी." मग मी तिच्याकडे बघितलं. "तुला सांगला नाय का कुनी? चूल माजीच हाय ती. तू भात शिजवतेस ना तिच्यावर?"

बहिणीने मी न सांगताच तीन दाणे परातीत टाकले. वहिनी तिला चिकटून बसली. मावसभाऊ पुटपुटला, "बैल गेला तर गेला. चला घरी." आणि आई? आईने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "ही कोनत्या घरी जाईल रे? त्याच घरी ना?"

मी आनंदाने उडीच मारली! चौघांनी मला शिव्या घातल्या.

ठरल्या रविवारी कल्याणवाला आणि त्याचा एक मित्र शहापूरहून एसटीने आले. चिंचोके बघून कल्याणवाल्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलंच होतं. तो ढोरांचा डॉक्टर झाला, मित्र बैलाचा दलाल. वहिनीकडे पाहुणे होते म्हणून आमच्यातले तिघंच. तिघांनाही आधीची गोष्ट ठाऊक होती, म्हणून बाईची सोयरीक मी पुरी बदलली होती. बैल पळाला, सगळे रानात आले, ओढा लागला. बाई बसलेली. कल्याणवाला म्हणाला, "मी झाडामागे लपून निरीक्षण करतो." पुस्तकातला शहाणपणा.

आई सवयीने पुढे झाली. "कुनाची गो तू?"

मी लिहिलेली सोयरीक सोडून दिली, हळूच बोट उचललं आणि झाडाकडे दाखवलं. "त्याला इचार. यानंच मला हितं बसवलाय."

कल्याणवाला दचकला. "मी?"

"मागल्या जत्रेला बोललास ना, हितं बस, बैल घेऊन येतो. तवापासून बसलेय. हंडा घासून घासून भोक पडला त्याला."

"नाही, मी... माझ्या माणसाला आठवतंय का हे?"

"चिंचोके टाक."

त्याने टाकले. पाचही काळे. "आठवत नाही तुला," मी म्हटलं. "बसवलीही असशील."

आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. आई तर अशी बघत होती की जणू त्याला पंचायतीत उभा केलाय. "खरा सांग रे बाबा. कोन ही तुजी?"

"काकू, खरंच मला माहीत नाही!" त्याचा आवाज चिरकला. त्याचा मित्र त्याच्यापासून हातभर सरकून बसला, खेळात नव्हे, खरोखर चटईवर. कल्याणवाल्याने दाणे परातीत ढकलले. किती, ते त्यानेही बघितलं नाही.

तीन तास खेळ चालला. कुणी हसलं नाही.

एसटीची वाट बघताना त्याने विचारलं, "मी खरंच बसवलं होतं का तिला?"

"ते मलाही माहीत नाही," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

पुढच्या महिन्यात कल्याणच्या टेबलावर सूत्रधार मी होते. खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत झाला, आणि आता दर दुसऱ्या महिन्याला तिथे मीच चालवते.