पहिलं ताट विशे सरांचं

विशे सर चपला हातात घेऊन चालायचे. वसतिगृहाच्या व्हरांड्यात पाय ठेवला की पायातल्या चपला निघायच्या आणि डाव्या हातात जायच्या. पावलांचा आवाज नको म्हणून. पोरं खोलीत पत्ते खेळत असोत की त्यांचीच नक्कल करत असोत, सर दारात उभे राहिल्यावरच त्यांना कळायचं. मीही पहिल्या दिवशी अशीच दचकले. चुलीपाशी वाकले होते, वळून बघते तर मागे हा उंच, वाळका माणूस, हातात चपला. मला वाटलं, मारायलाच आला.

"घाबरलात?" ते म्हणाले. "घाबरायला काय झालं? काय लपवलंय का?"

माझ्याशी त्यांचं हेच पहिलं बोलणं.

शहापुरात कॉलेजच्या पोरांचं ते वसतिगृह होतं. एक संस्था ते चालवायची. चाळीसेक पोरं, तानशाच्या पलीकडची, मुरबाडच्या आतल्या भागातली, रोज एसटीने येणं न जमणारी. सर तिथले अधीक्षक आणि मी स्वयंपाकाला. मी आटगावजवळच्या आमच्या बौद्धवाडीतून पहाटेच्या जीपने यायचे. नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन मी उघड्यावर आल्यासारखी झाले होते. त्यात ही नोकरी मिळाली होती. ती गेली असती तर दुसरं काही नव्हतं.

मी फार बोलणारी बाई नाही. जेवणाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये वाढायची एक खिडकी होती. तिच्यातून मी सगळं बघायचे.

सरांचं राज्य बघण्यासारखंच होतं. दर महिन्याला पोरं आपला प्रमुख निवडायची. निवडणूक चिंचोक्यांची. उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या नावाचं एक गाडगं खोलीत ठेवायचं आणि एकेकाने आत जाऊन हव्या त्या गाडग्यात एक चिंचोका टाकायचा. सर दारात उभे राहून आत जाणाऱ्याची मूठ उघडून बघायचे. बाहेर येणाऱ्याचीही बघायचे.

"सर, आमच्यावर विश्वास नाय का?" एकाने विचारलं.

"तुझ्यावर आहे रे. मुठीवर नाय. उघड."

कोणी कोणाची चुगली घेऊन आलं की सर चष्मा काढून पुसायला लागायचे. ऐकून झाल्यावर नेहमीचा एकच प्रश्न: "बरं. हे सांगून तुला काय मिळणार?" सांगणारा अडखळायचा. "काय नाय सर, सहज." "सहज कोण जिना चढून येतो? बस. नीट सांग." निम्मी पोरं तिथूनच परत फिरायची.

एकदा मुरबाडकडचा एक मुलगा आजोबा वारले म्हणून चार दिवस घरी जाऊन आला. तीन महिन्यांनी त्याचे आजोबा पुन्हा वारले. सरांनी रजा दिली, आणि दुसऱ्या दिवशी एसटीने स्वतः त्याच्या गावी भेटायला गेले. दारात पाण्याचा तांब्या घेऊन कोण आलं, तर आजोबाच. सर पाणी प्यायले, चहा प्यायले आणि आले. त्या मुलाला त्यांनी मारलं नाही, काढलंही नाही. पोरांची सभा बोलावली आणि म्हणाले, "शिक्षा एकच. रविवारी आजोबांना इथं जेवायला घेऊन यायचं." म्हातारा खरंच आला, पांढरं धोतर नेसून. सरांनी त्याला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे याचे वारलेले आजोबा. पाया पडा." म्हाताऱ्याला काही समजेना, म्हणून तो सगळ्यांना आशीर्वाद देत बसला. मी खिडकीमागे तोंडाला पदर लावून हसले.

पण मला स्वतःला सरांची भीती वाटायची, ती जेवणाच्या वेळेला. त्यांची रीत ठरलेली होती. पोरांनी रांगेत बसायचं. सगळ्यांना वाढून व्हायचं, पण घास कोणी उचलायचा नाही. मग सर खिडकीशी येऊन माझ्याकडून ताट घ्यायचे, पातेल्यातलं वरण स्वतःच्या हाताने भातावर ओतायचे आणि पोरांसमोर उभ्याउभ्या चार घास खायचे. सावकाश चावून. मग "हं, चला" म्हणायचे, तेव्हा पोरं जेवायला लागायची. आधीच्या स्वयंपाकिणीच्या वेळी असं नव्हतं, हे मला भांडी घासणाऱ्या बाईने सांगितलं होतं. म्हणजे ही रीत माझ्यासाठीच निघाली होती. दिवसातून दोनदा सगळ्यांसमोर माझी तपासणी.

मी स्वतः चाखायचं सोडून दिलं होतं. कामाच्या पहिल्याच दिवशी पळीतला एक थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला, तर खिडकीतून एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "बघ, उष्टं केलं रे तिनं." हळूच म्हणाला, पण मी ऐकलं. त्यानंतर परक्या माणसासाठी रांधताना मी मीठ अंदाजानेच घातलं.

पोरांमध्ये दिनेश मला जवळचा वाटायचा. तानशाकडचा, बी. ए.ला होता, गोड बोलायचा. सलग किती महिने तोच प्रमुख निवडून येत होता. मावशी, पाणी भरून देऊ का. मावशी, पोरी कशा आहेत. एका पावसाळ्यात त्याचे वडील त्याला भेटायला आले. जेवताना त्यांनी खिडकीतून मला विचारलं, "तुमी कुठल्या गो? आडनाव काय तुमचं?" मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांच्या ताटातलं सगळं तसंच राहिलं.

त्यानंतर महिन्याभरात संस्थेकडे माझ्याविरुद्ध एक निनावी अर्ज गेला. सरांनी तो माझ्यापुढे धरला. "वाचा."

चौथी शिकलेली मी. बोट ठेवून वाचलं. स्वयंपाकाच्या बाई अस्वच्छ आहेत, रॉकेलचा हात न धुता रांधतात, वरणाला वास येतो, त्यांना काढावं. चूल पेटवायला मी रॉकेल वापरायचे हे खरं. पण हात धुतल्याशिवाय मी पिठाला कधी शिवले नाही.

"हे कोणाचं काम?" सरांनी विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

"रविवारी संस्थेची माणसं जेवायला येणार आहेत. बघणार आहेत. त्या दिवशी वरणाच्या पातेल्यापासून हलायचं नाय. कोणीपण बोलवू दे."

मला राग आला. म्हणजे मीच काहीतरी करणार, असं याला वाटतं. संध्याकाळी दिनेश पाणी घेऊन आला, तेव्हा माझे डोळे भरलेलेच होते. तो म्हणाला, "मावशी, कुणाला सांगू नका. अर्ज सरांनीच लिहिलाय. त्यांना त्यांच्या गावाकडची, म्हशाजवळची बाई आणायचीये इथं."

मला ते लगेच पटलं. चपला हातात घेऊन फिरणारा माणूस, रोज माझं अन्न तपासणारा. सरांचा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला होता, पण दिनेशला विचारायचा मला सुचला नाही: हे सांगून तुला काय मिळणार? उलट सर रविवारबद्दल काय म्हणाले, तेही मी त्याला सांगून टाकलं.

रविवारी संस्थेचे तिघे जण आले. अकराच्या सुमाराला मी वरणाला लसणाची फोडणी दिली. तेवढ्यात दिनेश दारात आला. "मावशी, पाहुण्यांना पाणी द्या ना. तुमीच द्या, म्हणजे त्यांना बरं वाटंल." सरांचे शब्द मला आठवत होते. पण मनात म्हटलं, तुमच्या संशयासाठी मी खुंटीला बांधून राहू का? तांब्या-भांडं घेऊन मी बाहेर गेले.

पंगत बसली. सगळ्यांची ताटं वाढून झाली. सरांनी ताट घेतलं, वरण ओतलं, पहिला घास तोंडात घातला. एक क्षण त्यांचा जबडा थांबला. मग पुन्हा चावायला लागले. दुसरा घास. तिसरा. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. पण "हं, चला" म्हणाले नाहीत. ताट हातात धरून ते रांगेतून चालू लागले, एकेकाच्या ताटात बघत. दिनेशपाशी थांबले. त्याच्या ताटात भाताचा ढीग होता, भाजी होती, लोणचं होतं. वरण नव्हतं.

"वरण नाय घेतलंस?"

"पोट बरं नाय सर."

"आणि एवढा भात?"

कोणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी आपलं ताट दिनेशपुढे ठेवलं. "यातला एक घास खा."

दिनेशचा हात मांडीवरून उठला नाही. तेवढ्यात संस्थेच्या एका गृहस्थाने आपलं ताट नाकाशी नेलं. "अहो, रॉकेलचा वास येतोय! अर्जात लिहिलंय ते खरं आहे की. बाईंना आजच..."

"बाईंच्या हातून सांडलं असेल," सर म्हणाले, "तर ते बाईंना ठाऊक, नायतर कोणालाच नाय. याला वाढून घ्यायच्या आधी कसं कळलं?"

मग सरांनी खिडकीकडे बघून विचारलं, "बाई, पातेल्यापासून तुम्हाला कोणी उठवलं?"

चाळीस पोरं आणि तीन पाहुणे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर मी बोलले नव्हते. दिनेशही बघत होता, मी नाव घेऊ नये अशा डोळ्यांनी. मी म्हटलं, "दिनेशनं."

तो रडायला लागला. मोठा मुलगा, मिशी फुटलेला. "बाबा बोलला, तिच्या हातचं खायचं असंल तर घरी येऊ नको. नायतर वसतिगृह सोड. वसतिगृह सोडून कॉलेज कसं करू सर?"

संस्थेचे गृहस्थ म्हणाले, "काढून टाका याला."

"वसतिगृह मी चालवतो," सर म्हणाले. मग दिनेशला म्हणाले, "राहायचं असेल तर राहा. पण उद्यापासून पहिलं ताट तुझं. माझ्यासारखं. उभं राहून, सगळ्यांसमोर. तू खाल्ल्याशिवाय कोणी जेवायचं नाय."

पाहुणे गेल्यावर सर मोरीपाशी वाकून ओकले. मी पाणी दिलं. चूळ भरून ते म्हणाले, "तीन घास फार झाले. दोनच खायला पाहिजे होते."

मी हिंमत करून विचारलं, "सर, तुमचा माझ्यावर संशय होता ना? म्हणून रोज पहिलं ताट?"

ते तोंड पुसत म्हणाले, "तुमच्यावर असता, तर ताट खोलीत नेऊन गुपचूप खाल्लं असतं. पोरांच्या पुढ्यात कशाला खाऊ? तुम्ही कामाला लागलात त्याच आठवड्यात दोघे-तिघे विचारायला आले होते, नवीन बाई कुठली म्हणून. तेव्हाच मला वाटलं, ही पोरं काहीतरी करणार. मी पोरांचा संशय घेतो, बाई. तेवढंच माझं काम." मग म्हणाले, "आणि तुम्ही चाखत नाय. दोन वर्षं बघतोय. कोणीतरी चाखायला नको?"

म्हणजे चपला हातात घेऊन तेही बघून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिनेश ताट घेऊन किती वेळ उभा राहिला. वरणभातात बोटं घातलेली, घास उचलेना. पोरं भुकेली, कोणीतरी ओरडलं, "खा की रे, मेल्या!" त्याने खाल्लं. शेवटच्या परीक्षेपर्यंत रोज खाल्लं. दिवाळीला तो घरी गेला नाही. मी त्याच्याशी पुन्हा पहिल्यासारखी बोलू शकले नाही आणि वरणाच्या पातेल्याला कधी पाठ केली नाही. सरांचाही त्याच्यावर विश्वास बसला असं नाही. तो जेवायचा तेव्हा ते दाराच्या आडोशाला उभे असायचे, हातात चपला.

पुढे सर निवृत्त होऊन म्हशाजवळ आपल्या गावी गेले. बऱ्याच वर्षांनी, माझ्या दोन्ही पोरी नांदायला गेल्यावर कळलं की त्यांना अर्धांगाचा झटका आलाय. मी सकाळी उठून भाकरी आणि लसणाचं वरण केलं, डब्यात भरलं आणि एसटीने गेले.

सून बाहेरच भेटली. रडकुंडीला आली होती. "जेवतच नाय हो. मी त्यांच्यासमोर एक घास खाल्ल्याशिवाय तोंड उघडत नाय. औषधाचं पण तेच. मी काय विष घालते का?"

सर खाटेवर होते, एका कुशीवर. चपला खाटेखाली नव्हत्या, उशाशी होत्या. मला ओळखलं. मी वाटीत वरण ओतलं, भाकरी कुस्करली. सून सवयीने पुढे आली घास घ्यायला. सरांनी चांगला हात वर करून तिला थांबवलं. वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शब्द नीट येत नव्हते.

"चाखलं का?"

"चाखलं," मी म्हटलं.

त्यांनी तोंड उघडलं. मी भरवलं. बराच वेळ चावत राहिले, तसेच सावकाश, डोळे माझ्यावर ठेवून. मग गिळलं आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

सून चिडून म्हणाली, "बघा, असंच करतात."

मीठ कमी नव्हतं. सकाळी चुलीपाशी पळीतलं वरण तळहातावर घेऊन मी दोनदा चाखलं होतं.