काडिझला गेलेला मुराळी

व्हिसाच्या फॉर्मवर जाण्याचं कारण विचारलं होतं, तिथे मी 'पर्यटन' असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार? सासरी गेलेल्या लेकीला आणायला आमच्याकडे माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. पण मुराळ्यांसाठी त्या फॉर्मात रकाना नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीने बारा वर्षांपूर्वी स्पेनमधल्या माणसाशी लग्न केलं आणि तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या काडिझ नावाच्या जुन्या बंदरात ती राहिली. आमच्या गावी, काष्टीला, परत म्हणून आली नाही. आता आईने अंथरूण धरलं होतं आणि तिला लेक एकदा डोळ्यांनी बघायची होती.

ती का येत नव्हती, हे मला चांगलं ठाऊक होतं. तात्या गेले तेव्हा तिने रडत फोन केला, निघते म्हणाली. दहाव्याला सगळी भावकी जमणार, तिच्या लग्नावरून तोंडं सुटणार, या भीतीने मीच तिला म्हणालो, "तू नगं येऊ. हितं तमाशा नको." बापाच्या दहाव्याला लेकीला येऊ न देणारा भाऊ मी. त्यानंतर आमचं बोलणं सणासुदीपुरतं उरलं.

मुराळी असण्याची एक मोठी सोय असते. मुराळ्याला तोंड उघडावं लागत नाही. आत्याला आणायला मी राहात्याला कितीदा तरी गेलोय. शिदोरीचं गाठोडं दारात टेकवलं की घरादाराला कळतं. चहा होतो, जेवण होतं, पिकापाण्याच्या गप्पा होतात आणि दुसऱ्या दिवशी आत्याची सासू आपणहून म्हणते, "न्या आता, पन आठ दिसांत धाडा." न्यायला आलोय, असं मी एकदाही म्हटल्याचं आठवत नाही.

काडिझलाही मी तेच केलं. आईने दिलेलं गाठोडं बहिणीसमोर ठेवलं. कुरडया, शेंगदाण्याची चटणी, एक खण. तिने खण नाकाला लावला, बराच वेळ तसाच धरला. मग डोळे पुसून म्हणाली, "दादा, काय काय बघायचंय तुला?"

झालं, मी पर्यटक झालो. तीन बाजूंनी समुद्र, मधे ते गाव. बोळ इतके अरुंद की आमची बैलगाडी पहिल्याच वळणाला अडकली असती. पिवळ्या घुमटाचं चर्च झालं, समुद्रात घुसलेला किल्ला झाला. जुन्या घरांवर मनोरे आहेत, तिथून व्यापारी आपली जहाजं येताना बघायचे म्हणे. हजारो वर्षांचं गाव आहे, तिने कौतुकाने सांगितलं. मला त्याचं काय? घरी आलो की तिची बॅग कपाटावरून खाली आली का, एवढंच मी बघत होतो. तिचा नवरा स्वयंपाकी, बिचारा भला माणूस. रोज तळलेले मासे पुढ्यात ठेवून माझ्या पाठीवर थाप मारायचा. सासू नाही तर हाच कधीतरी 'न्या' म्हणेल, असं मी धरून चाललो होतो. तो कोणत्या भाषेत म्हणणार होता, देव जाणे.

सहाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. काष्टीच्या मातीत वाढलेली पोर, मुराळी दारात येऊन बसलाय आणि हिला कळू नये? त्या दिवशी किनाऱ्यावर काढलेल्या फोटोत माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं आलंय.

आठव्या दिवशी तिने कपाटावरची बॅग काढली. माझा जीव भांड्यात पडला. तिने तिच्यात ऑलिव्हच्या तेलाचा डबा, बदामाची मिठाई आणि आईसाठी लोकरीची शाल भरली, चेन ओढली आणि बॅग माझ्या हातात दिली.

स्टेशनवर गाडीला दहा मिनिटं राहिली तेव्हा मी कसाबसा म्हणालो, "आई लई थकली."

"तू कशाला आला ते गाठोडं बघूनच कळलं मला," ती म्हणाली. "आठ दिस तुला गावभर हिंडवलं. म्हनलं, आज बोलंल, उद्या बोलंल. 'तवा माझं चुकलं', एवढंच ऐकायचं हुतं. ऐकलं असतं तर नेसत्या कपड्यानिशी निघाले असते."

ती थांबली. मला तोंड होतं, वेळही होता. वयाने मोठा असण्याचा माज म्हणा, लाज म्हणा, शब्द काही फुटला नाही. "गाडी लागली वाटतं," असं म्हणून मी डब्यात चढलो.

आईला सांगितलं, दिवाळीला येतीय. तिने शाल अंगावर घेतली आणि पुन्हा काही विचारलं नाही. दसऱ्याच्या आधीच आई गेली.

त्या दिवशी बहिणीला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला म्हणालो, "ये."

पलीकडून कितीतरी वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "आता कुनाकडं येऊ, दादा?"

'माझ्याकडं' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "व्हय, तेबी खरंच हाय," आणि फोन ठेवून दिला.