तंग काज

व्यंकटराव कंडक्टरांचा माणसावर भरवसा नव्हता, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. अख्खी नोकरी कंधार–नांदेड गाडीवर गेली. तिकीट घ्यायची वेळ आली की झोपेचं सोंग घेणारे त्यांनी पाहिले, जवळच्या गावाचं तिकीट काढून खुशाल पुढं जाणारे पाहिले, आणि मांडीवर मावत नसलेलं पोरगं ‘आजून लहानच हाय की’ म्हणून फुकट नेणाऱ्या आया तर रोजच्याच. या सगळ्यांना त्यांच्याकडं एकच शब्द होता, लबाड. गाडीमागं पळत येणाऱ्यासाठीसुद्धा त्यांनी कधी गाडी थांबवली नाही. तो खरंच उशिरा निघाला की टपरीवर चहा पीत बसला होता, हे कुणी सांगावं, असं म्हणून ते घंटी ओढायचे.

रिटायर होऊन कंधारजवळच्या आपल्या गावी आले तरी सवय काही गेली नाही. दूध आलं की त्यात बोट बुडवून बघत. कुणी गोड बोललं की त्याला काय पाहिजे असेल याचा विचार करत. शकातून सुटलेलं एकच माणूस घरात होतं, ते म्हणजे नात सृष्टी. मुलगा दयानंद आणि सून ऋतुजा दोघंही नांदेडच्या दवाखान्यात कामाला, दोघांच्या ड्युट्या उलटसुलट. सृष्टी नुकती चालायला लागली तेव्हाच ती आबांकडं, म्हणजे व्यंकटरावांकडं, राहायला आली. आजी त्याआधीच गेली होती, त्यामुळं सगळं आबाच करत. दुधात भाकरी कुस्करून घास भरवायचे, केळं सोलून द्यायचे, चपलेचा पट्टा लावायचे, फ्रॉकची बटणं लावायचे. पोरीनं हात पुढं केला की आबांचा हात आधीच तिथं पोचलेला असायचा. राणीवाणी ठेवलीत पोरगी, असं कुणी म्हणालं की म्हातारा फुगायचा. आता ते म्हणणाऱ्याला नक्की काय म्हणायचं होतं, हा शक नेमका इथंच त्यांना आला नाही.

पावसाळा सरता सरता सृष्टी अंगणवाडीत जायला लागली. एका दुपारी ती घरी आली तेव्हा आबांनी विचारलं, “आज काय शिकवलं बाईनं?”

“बाई चिमटे देत्यात.”

“चिमटे?”

“हाव. लई चिमटे. जमलं न्हाई की आनखी एक देत्यात.” आणि तिनं बोट पुढं केलं. बोटावर लाल वळ होता.

आबांचं टाळकंच फिरलं. अंगणवाडीच्या पंचशीलाबाईंचं बोलणं त्यांना पहिल्यापासून जरा जास्तच गोड वाटत आलं होतं. शिवाय या बाई अधूनमधून ऋतुजाला फोन करतात, हीही खबर त्यांच्याकडं होती. एकीकडं लेकराला चिमटे काढायचे आणि दुसरीकडं त्याच्या आईशी गोड बोलायचं, असला हा कारभार. पण पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे नोकरीनं शिकवलेलं. त्यांच्या काळात तिकीट तपासणारे साहेब गावाबाहेर झाडाआड उभे राहायचे आणि गाडी आली की अचानक रस्त्यावर यायचे. दुसऱ्या दिवशी आबा तसेच अंगणवाडीच्या मागच्या खिडकीला जाऊन उभे राहिले.

आत एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत दोरी बांधली होती. लेकरं तिच्यावर चिंध्या वाळत घालत होती आणि प्रत्येकाच्या हातात कपड्याला लावायचे प्लॅस्टिकचे चिमटे होते. सृष्टीनं एक चिमटा अंगठ्यानं आणि बोटानं दाबला, तो निसटला आणि तिच्याच बोटाला चावला. ती खळखळून हसली. पंचशीलाबाईंनी तिला दुसरा चिमटा दिला.

एखादा हसून परत गेला असता. आबांचा शक मात्र गाडीतून उतरला नाही, त्यानं नुसती सीट बदलली.

“आबा, आत या की. खिडकीतून काय बघून राहिले?” पंचशीलाबाईंनी त्यांना पाहिलं होतंच.

“कपडे वाळू घालायचं कामून शिकवून राहिले पोरायला?” आबांनी दारातूनच विचारलं.

“कपडे न्हाई आबा, चिमटी शिकवायले. अंगठा आन् बोट जुळायला पाहिजे. त्याच्यात पुढं पेन्सिल बसती, घास बसतो, बटण बसतंय. सृष्टीची चिमटी लई कच्ची होती. तिच्या हाताला कधी काम पडलेलंच दिसत न्हाई.”

“माझी नात काय लुळी हाय का?”

“लुळी कशानं? आता चांगलं जमायलंय की तिला. ऋतुजाताईला मी फोनवर सांगितलं. त्या म्हणल्या, बटण लावायला आलं की नांदेडच्या बालवाडीत घालते, तिथं कोण पोरांची बटणं लावत बसतंय.”

बाई खुशीत सांगत होत्या. आबांनी मात्र चिंध्या टांगलेल्या दोरीकडं पुन्हा एकदा पाहिलं. म्हणजे त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला हे बांधलेलं होतं तर! पोरीचं पहिलं बटण लागणार आणि त्याच दिवशी घर रिकामं होणार.

त्या दुपारी ओसरीवर शेंगा होत्या. सृष्टीनं एक शेंग उचलली, चिमटीत धरली आणि दाबली. टक्क करून शेंग फुटली. आबांनी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि दाणे काढून दिले.

“मला येतंय आबा.”

“राहू दे. माती लागती बोटाला.”

दिवाळी आली. नांदेडहून ऋतुजा येणार होती, म्हणून आबांनी सृष्टीला पुढून बटणं असलेला फ्रॉक शिवायला टाकला. शिवप्पा टेलर बटणं दाखवत होता. आबा हळूच म्हणाले, “काज जरा तंग ठेव. मोठ्या काजातून बटण सुटतंय.”

“तंग काज लेकराला लावता येत न्हाई आबा.”

“लावायला मी हाय की.”

आयुष्यभर या माणसानं लोकांच्या पिशव्या उघडून पाहिल्या. स्वतःच्या मनाची झडती घ्यायचं मात्र त्यांना त्या दिवशी सुचलं नाही.

ऋतुजा आली ती पोरीला कवटाळूनच बसली. मग म्हणाली, “बाई म्हणाल्या, तुला बटण येतं. नवा फ्रॉक घालून दाखव बघू.”

सृष्टीनं फ्रॉक घातला आणि पहिलं बटण बरोबर चिमटीत धरलं. जिभेचं टोक ओठाबाहेर आलं. बटणाची कड काजाला लागली आणि तिथंच अडली. तिनं पुन्हा ढकललं. ऋतुजाचा हात मदतीला उठला होता, पण तिनं तो मागं घेतला. आबा जमिनीकडं बघत होते आणि, खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटत होतं.

सृष्टीनं दुसरं बटण धरून पाहिलं, तिसरं धरून पाहिलं. मग बोटं फ्रॉकला पुसली, त्यांच्यावर फुंकर मारली. पुन्हा तेच. शेवटी तिनं हात डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ त्या अंगठ्याकडं आणि बोटाकडं पाहत राहिली.

“आबा,” ती म्हणाली, “माझी बोटं लबाड हायत का?”

आबांना आपलाच शब्द ओळखू आला. इतकी वर्षं तो त्यांनी जगाला वाटला होता, पण या चिमुकल्या बोटांना तो लागेल असं कधी वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. ते उठले, दाढीच्या डब्यातून ब्लेड घेऊन आले आणि नातीसमोर गुडघ्यावर बसले. एकेका काजाचा टोकाचा टाका त्यांनी जपून कापला.

“बोटं लबाड न्हाईत बाळा. काज लबाड हाय. आन् काजाच्या मागं तुझा आबा.”

“म्हणजे?” ऋतुजानं विचारलं.

“शिवप्पाला मीच सांगितलं तंग ठेव म्हणून. पोरीला बटण आलं की तू घेऊन जाशील, म्हणून.”

ऋतुजाचा चेहरा लाल झाला. ती रागावली, आणि रागवायलाच पाहिजे होतं. पण तेवढ्यात सृष्टीनं पहिलं बटण लावलं. मग दुसरं. तिसरं वाकडं बसलं, ते तिनं काढून पुन्हा लावलं.

“दिवाळी झाली की नेते, आबा,” नंतर ऋतुजा म्हणाली.

“हाव,” आबा म्हणाले.

दिवाळी झाली. कंधारच्या स्टँडवर नांदेड गाडी लागली होती. ऋतुजा बॅग घेऊन आत गेली, सृष्टी दारातल्या पायरीवर वळून उभी राहिली.

“आबा, तुमचं वरचं बटण उघडं हाय.”

आबा वाकले. तिनं त्यांच्या सदऱ्याचं बटण चिमटीत धरलं. पहिल्यांदा ते निसटलं. आबांचे हात सवयीनं वर आले, ते त्यांनी मागं नेऊन एकमेकांत गच्च धरले.

“चला आबा, टाइम झाला,” कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून म्हणाला.

“थांब की रे जरा,” व्यंकटराव म्हणाले. “लेकरू बटण लावायलंय.”

कंडक्टरनं दोरी सोडली. बटण बसेपर्यंत गाडी उभी होती.