डुगडुगणारी जोडी

समजा, तुमच्यापुढे चिखलाचा गोळा ठेवलाय. हजारो वर्षांपूर्वी आटलेल्या नदीच्या पात्रातला. त्यातला शिंपला तुम्हाला धक्का न लावता बाहेर काढायचाय. त्याची दोन्ही झाकणं मिटलेली असतील तर जपून, कारण प्रवाहात गडगडत आलेल्या शिंपल्याची झाकणं केव्हाच सुटतात. मिटलेला तिथेच जगला, तिथेच मेला. त्याचं वय तेच पात्राचं वय.

आमच्या प्रयोगशाळेत हे काम काकू करतात. "वहिनीचं बरं आहे, आधी पोरांना आंघोळ, मग चिखलाला," असं त्यांची नणंद चारचौघांत म्हणते. काकूंच्या हातून आजवर शिंपला फुटलेला नाही.

त्या दिवशीही फुटला नाही, उघडला. चिखल धुवायच्या टबात आधीपासून सुटी झाकणं होती, त्यांत ही दोन मिसळली. काकूंनी रंग-आकार पाहून दोन उचलली. बिजागरीपाशी ती किंचित डुगडुगली. दाबल्यावर बसली. त्यांनी दोरा गुंडाळून डबीवर 'जोडी' असं लिहिलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

हा चिखल ज्या खड्ड्यातला, तो खणणाऱ्या संशोधक मुलीने त्या जोडीतलं एक झाकण तपासून घेतलं. वय निघालं नऊ हजार वर्षं. त्याच थरातली वाळू मात्र चार हजारांची. बैठकीत मोठे सर तिला म्हणाले, "थर वाचायचे असतात, नांगरायचे नसतात." सगळे हसले. खणताना तिनेच थर मिसळले असं धरून तिला खड्डा पुन्हा खणायला सांगितलं. मागे काकू डब्या लावत राहिल्या.

त्यानंतर काकू त्या मुलीची नजर चुकवू लागल्या. मग तीच नवा चिखल घेऊन आली. म्हणाली, तुमच्या हातात दिलं की मला घोर नसतो.

"ती जोडी मी जुळवलेली होती," काकू खाली बघत म्हणाल्या. "खरी होती का, देव जाणे."

मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "बैठकीत तुम्ही मागेच होतात ना, काकू?"

काकूंनी मान डोलावली. 

उरलेलं झाकण आता तपासणीला गेलंय. दोन्ही झाकणांची वयं वेगळी निघाली तर चूक काकूंची. सारखी निघाली तर काकू सुटल्या, आणि ठपका मुलीवरच राहिला. काकू नवा चिखल धुतात, पण हात पूर्वीसारखा चालत नाही. तपासणीचे निकाल मीच आणतो, म्हणून मी दारातून आत आलो की ओले हात पदराला पुसत एकच विचारतात:

"चूक माझीच निघाली ना रे?"