चालत्या गाडीतली सोयरीक

जव्हार संस्थानात मी देवीची लस टोचत हिंडायचो, तेव्हाची गोष्ट. खोडाळ्याहून मोखाड्याला जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला बैलगाडीत घेतलं. मिशा झुपकेदार, आवाज खणखणीत, पण हात सारखे थरथरत.

“आमच्या घरात चाळिशी लागली का हात नाचतात, डाक्तर. आज्याचे नाचले, बापाचे नाचले. यावर लस आहे का?”

“नाही.”

“मग आपली गाडीच बरी.”

झालं होतं असं, की त्याच्या मुलाची सोयरीक जुळत होती. पोर पुढं बापावरच जाणार, म्हणून तिथं मुलीचा बाप मुलाच्या बापाला ताडीचा काठोकाठ भरलेला द्रोण द्यायचा. सांडली की तो सोयरीक मोडून उठायचा. म्हणून या पठ्ठ्यानं बोलणी चालत्या गाडीतच ठेवली होती!

वाटेत मुलीचा बाप चढला. द्रोण भरले. गाडी दगडांवरून आदळत होती आणि दोघांची ताडी माझ्या धोतरावर सांडत होती. म्हाताऱ्यानं रस्त्याला शिव्या घातल्या, मुलीच्या बापानं त्याहून सणसणीत घातल्या. सोयरीक पक्की झाली.

तेवढ्यात चढ लागला आणि बैल हटून उभे राहिले. गाडी थांबली. माझे हात थांबले. त्या दोघांचे मात्र थांबेनात!

दोघं एकमेकांच्या हातांकडं बघत राहिले. मोडलं लग्न, मी मनात म्हटलं.

म्हाताऱ्यानं मिशीवरची ताडी पुसली.

“चला व्याही,” तो म्हणाला, “नातवंडांना नागलीचं पीठ चाळायला शिकवायला नको.”