होल्डचा हिरवा दिवा

आमच्या मामेसासऱ्यांइतका यंत्रांशी बोलणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नसावा. चौसाळ्याच्या शेतातली पाण्याची मोटार रुसली की ते तिच्यापाशी उकिडवे बसून आधी गोडीनं आणि मग चढ्या आवाजात विचारत, "कावून बे? काय झालं तुला?" आणि मोटार खरोखरच गचका देऊन सुरू होई. त्यांची जुनी जीप तर घरातलीच एक. हँडब्रेक ओढला की ती 'कर्रर्र' करी आणि मामा समाधानानं म्हणत, "बसली." पण जीपच्या उंच पायरीपुढे मामींच्या गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा मामांनी आठवड्याच्या आत जीप विकली आणि मुलाच्या आग्रहावरून विजेवर चालणारी बुटकी गाडी आणली.

ही गाडी बोलेना. चालू झाली तरी आवाज नाही, बंद झाली तरी नाही. हँडब्रेकचा दांडाच नव्हता. त्याच्या जागी बोटाएवढं एक बटण, शेजारी 'होल्ड' लिहिलेलं दुसरं आणि गिअरच्या खुंटीवर 'पी' नावाचं तिसरं. शोरूममधल्या पोरानं तिन्हींतला फरक भराभरा सांगितला, तेव्हा मामांनी मान डोलावली आणि मीही डोलावली. घरी येईस्तोवर दोघांच्याही डोक्यात खिचडी. "जावईबापू," मामा म्हणाले, "एक थांबवायचं, एक धरायचं अन् एक बांधायचं. पन कोनतं कोनतं?" मग त्यांनीच तोडगा काढला: होल्ड दाबलं की हिरवा दिवा लागतो, आणि हिरवा म्हणजे समदं बरोबर.

मामींना गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला आम्ही बीडला निघालो. मांजरसुंब्याला चढावरच्या एका ढाब्यापुढे मामांनी चहासाठी गाडी थांबवली. होल्ड दाबलं, हिरवा दिवा लागला. ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी हलली नाही. "बघा, बसली," म्हणत त्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला. तोच गाडी कर्कश पिंपिं करायला लागली आणि पडद्यावर लाल अक्षरं धावली. मागच्या सीटवर मामी, पुढे मी, आणि गाडीमागे उताराला बाजांवर बसून जेवणारी माणसं. मी ओढायला दांडा शोधू लागलो, तर हाती पाण्याची बाटली आली. मामा दाराला लटकून ओरडले, "थांब बे! आत मान्सं हायती!" गाडीखालून 'घूं' असा आवाज झाला आणि पडद्यावर हँडब्रेकचा लाल दिवा आपोआप लागला. गाडी होती तिथंच होती. आम्ही तिला सावरलं की तिनं आम्हाला, कळेना.

चहा बाजूलाच राहिला, पण आता ती निघेना. मामा अर्धवट बसून ॲक्सिलरेटर दाबत होते, ढाब्यावरची माणसं भोवती जमली. "चार्जिंग उतरलं आसंल," एक म्हणाला. "टीव्हीवानी बंद करून चालू करा," दुसरा म्हणाला. शेवटी मामीच वैतागल्या. "आवो, आधी ते दार लावा, धुरळा यायलाय आत. अन् पट्टा लावा, त्या पिंपिंनं डोस्कं उठलं माझं!" मामांनी मुकाट्यानं दार लावलं, पट्टा लावला, ब्रेक दाबून खुंटी फिरवली आणि गाडी गरीब गाईसारखी निघाली. दार, पट्टा, ब्रेक की मामींची दटावणी, नेमकं कशानं काम झालं यावर बीड येईपर्यंत खल चालला. निकाल लागला नाही.

दवाखान्यापुढचा रस्ता किंचित उताराचा होता. मामांनी दिसतील ती सगळी बटणं दाबली. मी पडदा वाचून म्हणालो, "मामा, 'पी' आलंय. आता गाडी हलायची नाही."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. मग उतरून गाडीपुढे गेले, बॉनेटवर दोन्ही हात टेकवले आणि टाचा रोवून उभे राहिले. मामी एकेक पाय हातानं उचलून बाहेर ठेवत होत्या. गाडीनं जोर केलाच असता, तर सत्तरीतल्या त्या काटकुळ्या हातांनी काय थांबणार होतं? पण मामी रस्त्यावर नीट उभ्या राहून पदर सावरेपर्यंत ते हात तिथून हलले नाहीत.